विश्लेषण : शिकलेला कुत्रा पुन्हा घरातच शू का करू लागतो?

पिल्लू असताना दोन-तीन महिन्यांत शिकलेला, नंतर पाच-सहा वर्षे घरात एक थेंबही न सांडलेला कुत्रा एके दिवशी हॉलमधल्या सोफ्याच्या पायाशी शू करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडाभरात पायपुसणे, गादी, देवघरासमोरची सतरंजी सगळ्यांचा नंबर लागतो. घरातले वातावरण तापते. आधी आरडाओरडा, मग पाण्याचे भांडे उचलून ठेवणे, मग गॅलरीत बांधणे आणि काही घरांत शेवटी 'चांगल्या घरी द्यायचा आहे' असा व्हॉट्सॲप संदेश. घरात घाण करणे हे पाळीव कुत्र्याला घराबाहेर काढण्याचे जगभरातले एक नेहमीचे कारण आहे. प्रत्यक्षात मोठ्या कुत्र्याची मोडलेली सवय हे अनेकदा एखाद्या आजाराचे, दुखण्याचे किंवा बदललेल्या दिनक्रमाचे लक्षण असते. ते ओळखायचे कसे?

कुत्रा शिकलेले विसरतो का?

मेंदूचा आजार किंवा अगदी म्हातारपण सोडले तर सहसा नाही. मुळात 'घर स्वच्छ ठेवायचे' असा नियम कुत्रा कधी शिकलेलाच नसतो. तो तीन गोष्टी शिकतो : कुठल्या जागी आणि कशावर करायचे (माती, गवत, रस्त्याची कड), साधारण कोणत्या वेळी बाहेर नेतात, आणि तोवर धरून ठेवायचे. ही घडी टिकायला त्याचे मूत्राशय निरोगी लागते, त्याला उठून दारापर्यंत जाता यायला हवे आणि दार वेळेवर उघडणारे कुणीतरी लागते. यातले काहीही एक बिघडले की घरात डबके दिसते. म्हणून 'हा असा का वागतोय' यापेक्षा 'यातले नेमके काय बिघडले' हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

रस्त्यावरून किंवा निवाऱ्यातून मोठेपणी दत्तक घेतलेल्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी. तिथे सवय मोडलेली नसते, लागलेलीच नसते. आयुष्यभर मातीवर केलेल्या देशी कुत्र्याला आठव्या मजल्यावरच्या गॅलरीतले वर्तमानपत्र हे स्वच्छतागृह आहे हे आपोआप कळत नाही. उलट, पिल्लूपणापासून पिंजऱ्यात किंवा सिमेंटच्या खोलीत वाढलेल्या कुत्र्याला घरातली टाइल हीच ओळखीची जागा वाटते.

मग तो सूड घेतो, हे खरे नाही?

'आम्ही लग्नाला गेलो म्हणून मुद्दाम गादीवर केले' हे वाक्य कुत्रा असलेल्या निम्म्या घरांत ऐकू येते. पुरावा म्हणून सांगितले जाते ते त्याचे तोंड : मान खाली, कान मागे, शेपूट पायात, नजर चुकवणे. या 'अपराधी चेहऱ्या'वर न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक साधा प्रयोग आहे. १४ कुत्र्यांच्या मालकांनी खाऊ समोर ठेवून 'खायचा नाही' असे बजावले आणि ते खोलीबाहेर गेले. परत आल्यावर कुत्र्याने खाल्ले की नाही हे त्यांना सांगितले गेले. मात्र काही वेळा मुद्दाम खोटे सांगितले गेले. अपराधी चेहऱ्याचा संबंध खाऊ खाण्याशी लागलाच नाही, तो मालकाच्या रागावण्याशी लागला. काहीच न करता ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांत तर तो चेहरा जास्तच दिसला. म्हणजे तो चेहरा कबुलीचा नसतो, समोरचे माणूस चिडले आहे हे ओळखल्याचा असतो.

गादीवर किंवा मालकाच्या कपड्यांवरच का, याचीही साधी उत्तरे आहेत. कापड शोषून घेते, पायाला मऊ लागते. पिल्लू असताना पॅडवर किंवा चिंध्यांवर शिकलेल्या कुत्र्याला ते ओळखीचे असते. घाबरलेला कुत्रा मालकाचा वास असलेल्या जागी जाऊन बसतो आणि तिथेच सांडतो. झोपेत लघवी गळणाऱ्या कुत्रीला तर आपण काही केले हेच ठाऊक नसते.

नाक घासणे, मारणे हे उपाय आजही सुचवले जातात. त्यांचा परिणाम होतो, पण भलताच. घटनेनंतर तासाभराने दिलेल्या माराचा संबंध कुत्रा त्या शूशी जोडू शकत नाही. आणि करतानाच मारले तर 'माणसासमोर करणे धोक्याचे' एवढाच धडा तो घेतो. मग तो सोफ्यामागे, पाहुण्यांच्या खोलीत जाऊन करू लागतो. एवढेच नाही, पट्ट्याला धरून मालक बाहेर घेऊन गेला तरी त्याच्यादेखत करत नाही. अर्धा तास फिरून आल्यावर दहा मिनिटांत कोपऱ्यात करणारा कुत्रा हट्टी नसतो; त्याला बाहेर, माणसासमोर करायची भीती बसलेली असते. अमेरिकेतील प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात कुत्र्यांना शिकवताना केवळ बक्षिसावर आधारित पद्धती वापरण्याची शिफारस केली, त्यामागे हाच अनुभव आहे.

आधी प्रशिक्षक की डॉक्टर?

डॉक्टर. अचानक सुरू झालेल्या तक्रारीत तर नक्कीच. दवाखान्यात जाण्यापूर्वी दोन-तीन दिवस नीट पाहिले तर अर्धे निदान घरीच पुढे सरकते. पाहायचे एवढेच की डबके मोठे आहे, थोडे थोडे वारंवार आहे, की कुत्र्याच्या नकळत गळते आहे.

मोठी डबकी आणि सोबत वाढलेली तहान असेल तर संशय मूत्रपिंडाचा जुनाट आजार, मधुमेह किंवा कुशिंग या संप्रेरकांच्या आजाराचा असतो. कुशिंगमध्ये पोट लोंबते, केस विरळ होतात, भूक प्रचंड वाढते; अनेक घरांत हे सगळे 'वय झाले' म्हणून सोडून दिले जाते. त्वचेच्या ॲलर्जीसाठी प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड सुरू असेल तर त्यानेही तहान आणि लघवी वाढते. हृदयरोगासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्यांचे काम तर तेच आहे. अशा वेळी कुत्र्याला जास्त वेळा खाली न्यायचे. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. स्टेरॉइड एकदम थांबवणे धोक्याचे ठरू शकते.

नसबंदी न झालेल्या मादीबाबत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. हीटवर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत ती सुस्त झाली, खाईना, पाणी मात्र खूप पिऊ लागली आणि घरात शू करू लागली तर गर्भाशयात पू होण्याचा आजार, पायोमेट्रा, असू शकतो. कधी स्राव दिसतो, कधी गर्भाशयाचे तोंड बंद असल्याने काहीच दिसत नाही आणि तोच प्रकार जास्त घातक. यात दिवस घालवले तर जीव जातो. सोनोग्राफी आणि बहुतेकदा तातडीची शस्त्रक्रिया हाच मार्ग.

दुसरा प्रकार थोडे थोडे, वारंवार, कुंथून, कधी रक्त मिसळलेले. इथे मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्राशयातले खडे, नसबंदी न झालेल्या मोठ्या नरांत प्रोस्टेटची वाढ ही कारणे पाहिली जातात. संसर्ग मादींमध्ये जास्त आढळतो. नर कुत्रा पाय वर करून उभा राहतोय, जोर करतोय आणि काहीच बाहेर येत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नये. खडा अडकून मार्ग बंद झालेला असू शकतो.

तिसरा प्रकार गळतीचा. कुत्री झोपून उठते आणि अंथरूण ओले. नसबंदी झालेल्या, विशेषतः मोठ्या जातींच्या काही मादींत मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो; शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनीही. ही बातमी वाचून कुणी नसबंदी टाळू नये, कारण पायोमेट्रा नसबंदीनेच टळतो आणि ही गळती बहुतेकींत गोळ्यांनी चांगली आटोक्यात येते. गळतीबरोबर मागचे पाय लटपटत असतील तर कण्याची तपासणी हवी. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या जातींत हा धोका जास्त.

शी घरात होत असेल तर जंत, पोटाचा संसर्ग, अचानक बदललेले खाद्य यांपासून सुरुवात करावी. सणासुदीला पाहुण्यांच्या हातून गेलेले श्रीखंड-पुरी दुसऱ्या दिवशी फरशीवर दिसते, त्याला वर्तनदोष म्हणता येत नाही.

घरच्या घरी काय मोजता येते?

पाणी. सकाळी मोजपात्राने भांडे भरायचे, दिवसभरात जे वाढवले ते लिहायचे, चोवीस तासांनी उरलेले वजा करायचे. दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी जात असेल तर ते असामान्य मानले जाते. म्हणजे २० किलोच्या कुत्र्यासाठी दोन लिटर. मे महिन्यात किंवा कोरडे खाद्य खाणारा कुत्रा थोडे जास्त पिणारच. पण ही रेषा ओलांडली आणि दोन-तीन दिवस तशीच राहिली तर आकडा घेऊन डॉक्टरांकडे जावे. 'हल्ली जरा जास्त पितो' यापेक्षा 'काल अडीच लिटर प्यायला' हे वाक्य डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते.

याच कारणासाठी पाण्याचे भांडे उचलून ठेवणे ही सर्वात महागात पडणारी चूक. मूत्रपिंड निकामी होत असलेल्या किंवा मधुमेही कुत्र्याच्या शरीरातून पाणी जातच राहते, तो प्यायला किंवा नाही तरी. तो जास्त शू करतो म्हणून पितो असे नाही वाटत, पितो म्हणून शू करतो असे दिसते. आजारात मात्र क्रम बहुधा पहिला असतो. भांडे काढले की काही तासांत शरीर कोरडे पडू लागते.

लघवीचा नमुना सकाळच्या पहिल्या फेरीत घ्यावा. स्वच्छ धुतलेला, लांब दांड्याचा डाव किंवा उथळ ताटली मागून हळूच सरकवायची आणि मेडिकल दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक डबीत भरायची. दोन-तीन तासांत पोहोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये. जंतूंची कल्चर तपासणी करायची असेल तर डॉक्टर सुईने थेट मूत्राशयातून नमुना घेतात, कारण खाली पडलेल्या लघवीत बाहेरचे जंतू मिसळतात. लघवीची साधी तपासणी, रक्तातील साखर आणि क्रिएटिनिन, गरजेनुसार सोनोग्राफी एवढ्यात बरीचशी कारणे स्पष्ट होतात. मुंबईत परळचे, नागपूरचे आणि शिरवळचे अशा पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही कुत्र्यांवर उपचार होतात.

पावसाळ्यात हे प्रकार का वाढतात?

एक कारण उघड आहे. धो धो पावसात अनेक कुत्री जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच ठाण मांडतात. रोजची मातीची जागा पाण्याखाली, वास धुऊन गेलेले, अंगावर थेंब. कसेबसे दोन मिनिटे बाहेर नेऊन आणले की मूत्राशय अर्धे भरलेलेच राहते. पार्किंगच्या शेडखाली किंवा इमारतीच्या छज्जाखाली एक कोरडा कोपरा पावसाच्या आधीच ओळखीचा करून ठेवला तर हा पेच सुटतो. कुणाच्या गाडीच्या टायरवर होणार नाही, हे मात्र पाहावे लागते.

दुसरे कारण गंभीर : लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येणारे हे जंतू कुत्र्यांनाही गाठतात आणि मूत्रपिंड व यकृतावर हल्ला करतात. ताप, उलट्या, मलूलपणा, डोळे-हिरड्या पिवळ्या पडणे, आधी वाढलेली आणि नंतर कमी होत गेलेली लघवी ही लक्षणे. बाधित कुत्र्याच्या लघवीतून हा आजार माणसालाही होऊ शकतो. पावसाळ्यात आजारी दिसणाऱ्या कुत्र्याची शू हातमोजे घालून पुसावी, पायाला किंवा हाताला जखम असेल तर जास्तच जपावे, आणि घरात कुणाला ताप आला तर डॉक्टरांना कुत्र्याबद्दल सांगावे. कुत्र्यांसाठी लेप्टोची लस आहे आणि ती दरवर्षी द्यावी लागते. रेबीजच्या लशीची तारीख लक्षात ठेवणाऱ्या घरांतही ही लस राहून गेलेली आढळते.

तपासण्या स्वच्छ आल्या तर?

तर दिनक्रमाकडे वळावे. गेल्या दोन-तीन महिन्यांत घरात काय बदलले, हे कागदावर लिहून काढले की उत्तर बऱ्याचदा त्या यादीतच सापडते. इमारत पुनर्विकासाला गेली आणि भाड्याच्या घरात बिऱ्हाड हलले. तिथे खाली माती नाही, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. बाळ आले. घरून काम बंद होऊन कार्यालय सुरू झाले. फिरायला नेणारा मुलगा बदलला आणि नवा मुलगा कुत्र्याला फाटकाशी उभे करून मोबाइल पाहत परत आणतो. सकाळची फेरी सातवरून नऊवर गेली. धडधाकट मोठ्या कुत्र्याकडूनही सहा ते आठ तासांपलीकडे धरून ठेवण्याची अपेक्षा करू नये. सकाळी आठला बंद केलेले दार रात्री आठला उघडत असेल तर दोष कुत्र्याचा नाही, घड्याळाचा आहे.

एकटेपणाची भीती हा स्वतंत्र विषय. मालक असताना सगळे ठीक, तो गेला की अर्ध्या तासात दाराजवळ शू, ओरखडे, भुंकणे, लाळ, असा नमुना असेल तर हा मूत्राशयाचा प्रश्नच नव्हे. जुना मोबाइल कॅमेरा म्हणून लावून ठेवला तर तासाभरात उलगडा होतो. यावर उपाय आहेत, एकटे राहण्याची सवय मिनिटामिनिटाने वाढवणे आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेली औषधे, पण ते शू शिकवण्याचे नव्हेत.

दिवाळीतले फटाके आणि विसर्जन मिरवणुकीचे ढोल-डीजे यांनी घाबरलेला कुत्रा बाहेर पाऊलच टाकत नाही. त्या दिवसांत संध्याकाळची फेरी आवाज सुरू होण्यापूर्वी उरकावी. आवाज थांबल्यावरही काही कुत्र्यांना पुन्हा बाहेर करायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

पडदा, सोफ्याची कड, दाराची चौकट अशा उभ्या वस्तूंवर पाय वर करून चार थेंब, हे भरलेले मूत्राशय रिकामे करणे नव्हे, हद्द आखणे आहे. घरात दुसरा प्राणी आला, शेजारी मादी हीटवर आली, पाहुण्यांच्या बुटांना दुसऱ्या कुत्र्याचा वास लागलेला असला की ते वाढते. नसबंदीने अनेक नरांत हे कमी होते, सगळ्यांत नाही. आणि मालक घरात शिरताच पोटावर लोळत शू करणारा कुत्रा रागावल्याने सुधारत नाही, बिघडतो. त्याच्याकडे पहिली पाच मिनिटे लक्षच न देणे हा सोपा आणि बराच परिणामकारक उपाय.

वय झालेल्या कुत्र्याचे काय?

माणसांतील स्मृतिभ्रंशासारखा आजार कुत्र्यांनाही होतो. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या २८ टक्के कुत्र्यांत आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत त्याचे किमान एक लक्षण आढळले होते. घरात घाण होणे हे त्यांपैकी एक. बाकीची लक्षणे मालकांना दिसतात, पण जोडली जात नाहीत : दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उभे राहणे, कोपऱ्यात अडकणे, रात्री येरझाऱ्या, घरच्यांना उशिरा ओळखणे. असा कुत्रा बाहेर जाऊन येतो आणि आपण कशासाठी गेलो होतो हे विसरून आत आल्यावर शू करतो. पूर्ण बरा करणारा उपाय नाही. आहार, औषधे आणि ठरलेला दिनक्रम यांनी वेग कमी होतो, म्हणून लवकर सांगितलेले बरे.

त्याआधी सांधे पाहावेत. म्हाताऱ्या कुत्र्याला कळते, धरताही येते, पण गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर मागचे पाय घसरतात म्हणून तो उठणेच पुढे ढकलतो. उठतो तेव्हा उशीर झालेला असतो. झोपायच्या जागेपासून दारापर्यंत रबरी पाठीच्या सतरंज्या आणि डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक यांनी काही घरांतला प्रश्न तिथेच मिटतो. माणसांची वेदनाशामके मात्र देऊ नयेत; आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक आहे.

आणि लिफ्ट. काही सोसायट्या कुत्र्यांना लिफ्टबंदी करतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव कुत्र्यांना लिफ्ट वापरण्यास अशी मनाई करता येत नाही. सातव्या मजल्यावरून संधिवात झालेल्या लॅब्रेडॉरला जिन्याने उतरवायला लावणारा ठराव त्याच जिन्यावर डबकी करून घेतो. कुत्र्याचे सांडलेले लगेच पुसणे ही अर्थात मालकाचीच जबाबदारी. ती पाळली गेली तर लिफ्टचे निम्मे वाद होणारच नाहीत.

फरशी कशी पुसावी?

फिनाइलच्या वासाने माणसाला स्वच्छ वाटते. कुत्र्याच्या नाकाला त्याखालचा लघवीचा वास येतच राहतो आणि वास असलेली जागा म्हणजे 'इथे करतात' अशी पाटी. शिवाय फिनॉलवर्गीय द्रव कुत्र्या-मांजरांसाठी विषारी आहेत, ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतात. अमोनिया असलेली क्लीनर तर लघवीसारखीच वास देतात. ताज्या लघवीवर ब्लीच ओतू नये. त्यातून घशाला, फुप्फुसांना त्रास देणारा वायू तयार होतो. आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यावे, साध्या पाण्याने पुसावे आणि मग पेट शॉपमध्ये मिळणारा विकरयुक्त क्लीनर ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसाच राहू द्यावा. लगेच पुसला तर तो काम करत नाही, इथेच बहुतेक जण फसतात. टाइलांच्या सांध्यांत आणि कापसाच्या गादीत वास मुरतो. गादी वाचवण्यापेक्षा काही आठवडे तिच्या खोलीचे दार बंद ठेवणे सोपे.

पुन्हा शिकवायचे कसे?

तो दोन महिन्यांचा आहे असे समजून, पण जास्त लवकर जमेल या भरवशाने. दोन-तीन आठवडे त्याला घरभर मोकळे सोडायचे नाही. नजरेसमोर किंवा छोट्या, आवडत्या जागेत. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर आणि झोपण्यापूर्वी खाली न्यायचे, दरवेळी त्याच जागी. एक ठरलेला शब्द. काम झाले की तिथल्या तिथे, दोन-तीन सेकंदांत खाऊ. वर येऊन दिलेल्या बिस्किटाचा अर्थ त्याला 'घरी आल्याबद्दल' असा लागतो.

घाईत असलेल्या घरांत आणखी एक चूक होते. कुत्र्याने शू केली रे केली की त्याला लगेच वर आणले जाते. थोड्याच दिवसांत त्याला कळते की शू केली की फिरणे संपते. मग तो शेवटपर्यंत धरतो आणि उरलेले घरी करतो. आधी काम, मग फिरणे असा क्रम लावला की हे सुटते.

घरात करताना दिसला तर टाळी वाजवून थांबवावे, लगेच बाहेर न्यावे, बाहेर केल्यावर शाबासकी द्यावी. नंतर सापडले तर काहीही न बोलता पुसावे. आणि वेळा लिहून ठेवाव्यात. आठवडाभराच्या नोंदीत दुपारी तीन वाजता रोज डबके दिसत असेल तर अडीचला कुणाला तरी खाली पाठवायचे आहे, इतके ते सरळ असते. घरातल्या सगळ्यांनी एकच पद्धत पाळली तरच हे चालते. आजी चुचकारते, मुलगा ओरडतो, घरकामाच्या मावशी फडके उगारतात, अशा घरात कुत्रा फक्त गोंधळतो.

गॅलरीत कृत्रिम गवताचे ट्रे ठेवावेत का? उंच इमारतीतल्या म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्यासाठी जरूर. धडधाकट कुत्र्याला बाहेरच्या फेरीऐवजी ते देणे म्हणजे त्याचे जग चार फुटांचे करणे. गॅलरीचे पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जाणार नाही, याची खात्री आधी करावी.

नाहीच जमले तर सोडून देता येते का?

पाळीव प्राणी उघड्यावर सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी त्या कलमात दंड लिहिला आहे १० ते ५० रुपये. साठ वर्षांपूर्वीचा तो आकडा आज कुत्र्याच्या बिस्किटांच्या पुड्याइतकाही नाही. घरात वाढलेला कुत्रा रस्त्यावर स्वतःचे अन्न शोधू शकत नाही आणि त्या गल्लीतले कुत्रे त्याला आत घेत नाहीत. दुसरे घर शोधायचेच असेल तर त्याची ही तक्रार आणि आतापर्यंतच्या तपासण्यांचे कागद नव्या घरासमोर आधी ठेवावेत. लपवलेली तक्रार पहिल्याच आठवड्यात फरशीवर येते आणि कुत्रा पुन्हा दारात.

संसर्ग असेल तर औषध सुरू केल्यावर काही दिवसांतच फरक दिसू लागतो, गळतीत गोळ्या लागू पडायला आणि मात्रा बसायला थोडा वेळ जातो, मोडलेली सवय काही आठवडे घेते. मूत्रपिंडाच्या किंवा मेंदूच्या म्हातारपणातल्या आजारात डबकी पूर्ण थांबतीलच असे नाही. तिथे अंथरुणावर जलरोधक चादर, रात्री अकराच्या सुमारास एक जादा फेरी आणि पाहुणे यायचे असतील तेव्हा कुत्र्याचा डायपर, एवढ्यावर घर चालते. डायपर दर तीन-चार तासांनी बदलावा आणि खालची कातडी धुऊन कोरडी करावी, नाहीतर पुरळ उठते.